डावा हात

प्रश्न पुरा व्हायच्या आत संस्कृतीचा हात वर गेला. रोहिणीने खडू फळ्याला टेकवून ठेवला आणि आधी घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, म्या सांगू?"

"सांग."

विहिरीला पाणी कुठून येतं, एवढाच प्रश्न होता. पुस्तकात त्याचं दीड ओळीचं उत्तर होतं. संस्कृती मात्र परभणीकडच्या आपल्या गावच्या विहिरीत उतरली. उन्हाळ्यात आजीने कमरेला दोर बांधून तिला खाली कसं सोडलं, तळाच्या खडकातून करंगळीएवढी धार कशी झिरपत होती, वाटीवाटीने हंडा भरायला किती वेळ लागला, आणि वर पाहिलं तर आभाळ ताटाएवढं कसं दिसत होतं, हे सगळं सांगून ती बसली तेव्हा तासाची दहा मिनिटं गेली होती. पोरं कान टवकारून ऐकत होती. खरं तर रोहिणीही ऐकत होती. पण उद्या तिचा परीक्षेचा पाठ होता, नेमका पस्तीस मिनिटांचा, आणि तिच्या पाठाच्या टाचणात या विहिरीला कुठेच जागा नव्हती.

या मुलीला बोलतं केलं होतं तेही रोहिणीनेच. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी ती सरावासाठी चाकणजवळच्या या शाळेत आली, तेव्हा सहावीच्या वर्गातली संस्कृती हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे. बाप कंपनीत पॅकिंगला, बोलणं गावाकडचं, म्हणून पोरं हसायची. रोहिणी तिच्या शेजारी बसून डबा खाऊ लागली. तिला आजीविषयी, गावाविषयी विचारू लागली. तीन महिने तिने हे चिकाटीने केलं. दिवाळीनंतर एकदा तो हात खांद्यापर्यंत आला, थबकला आणि मग वर गेला. त्या दिवशी घरी आल्या आल्या तिने सासूला ते सांगितलं होतं. भाकरी थापता थापता भागूबाईंनी विचारलं, पोरीनं हात वर केला त्याचं तुला काय मार्क मिळत्यात का?

भागूबाई वाईट नव्हत्या. एम.ए. झालेल्या सुनेला पुन्हा कॉलेजात धाडणारं गावात त्यांचंच एक घर होतं. पण बोलणं रोखठोक. "दोन वर्सं दिली. तिसरं मागू नगंस." पहिल्या वर्षीच्या पाठाला रोहिणीचा विषय अर्धाच राहिला होता आणि घंटा झाली होती. तेव्हा ती कशीबशी काठावर तरली. या वेळी फसलं तर शिक्षिका होणं कायमचं राहिलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका नीलाबाईंनी तिला एक जुना तोडगा सांगितला. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. परीक्षकाला काय दिसतं, तर सगळा वर्ग हात वर करून बसलाय. आपण उठवायचं फक्त उजव्यांना. वीस वर्षांत या तोडग्यावर कुणाचा पाठ पडलेला नाही, असंही त्या म्हणाल्या.

"आणि त्या तुझ्या लाडकीला आधीच सांगून ठेव. नाहीतर अख्खा पाठ जाईल विहिरीत."

दुपारी रोहिणीने वर्गाकडून सराव करून घेतला. पोरांना तो खेळच वाटला. शाळा सुटताना तिने संस्कृतीला पाण्याच्या टाकीपाशी थांबवलं.

"उद्या तू डावा हात वर करायचा."

"पण मला येतंय की, बाई."

"येतं गं. तरी पण. उद्याचा एकच दिवस, माझ्यासाठी."

संस्कृतीने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. मग दप्तरातून पेन काढलं आणि विसरायला नको म्हणून डाव्या तळव्यावर निळा ठिपका काढला.

"डावा केला की बाई पास?"

"हो," रोहिणी म्हणाली, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. पण शब्द काही तिने मागे घेतला नाही.

पाठ दृष्ट लागावी असा झाला. प्रत्येक प्रश्नाला वर्गभर हात उठत. ओंकारने उत्तर दिलं, प्रज्वलने दिलं, दीड ओळीची उत्तरं दीड ओळीतच संपली. मागच्या बाकावर बसलेले परीक्षक समाधानाने लिहीत होते. तिसऱ्या रांगेत निळ्या ठिपक्याचा तळवा प्रत्येक वेळी वर येत होता. रोहिणी तिकडे पाहत नव्हती. गृहपाठ सांगून झाला, दोन मिनिटं उरली, आणि परीक्षक उठून पुढे आले.

"ही मुलगी पहिल्यापासून हात वर करतेय, हिला संधीच मिळाली नाही. बाळ, तू सांग. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली का जातं?"

संस्कृती उभी राहिली. तिचे ओठ विलगलेले रोहिणीने पाहिले. आता सगळी विहीर बाहेर येणार, आजी, दोर, वाटी, सगळं. पण ती आधी रोहिणीकडे पाहत राहिली. रोहिणीने होकारार्थी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण तिने घड्याळाकडे पाहिलं.

"येत न्हाई," संस्कृती म्हणाली.

"मग हात कशाला वर केलास?"

संस्कृतीने डावा तळवा मिटून घेतला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. उगाच दिसण्यासाठी हात वर करू नये, असं परीक्षकांनी तिला मायेनेच समजावलं आणि बसवलं. जाताना ते रोहिणीला म्हणाले, की वर्ग चांगला तयार केलाय, वेळही अगदी काटेकोर पाळली, अशी एखादी असायचीच. रोहिणी म्हणाली, हो सर.

संस्कृती दारातच उभी होती.

"बाई, पास?"

"हो."

"म्या कुणालाच सांगितलं न्हाई," ती म्हणाली, आणि दप्तर सावरत पळाली.

पन्नासपैकी शेहेचाळीस मार्क पडले. भागूबाईंनी आळीत पेढे वाटले आणि सून शाळेत बाई झाली म्हणून चारचौघींत सांगितलं. रोहिणीने आपला पेढा तसाच ताटलीत ठेवला.

रोहिणीचा शाळेतला शेवटचा दिवस आला. टाचण नव्हतं, परीक्षक नव्हते, आणि अख्खा तास तिच्या हातात होता. ती वर्गाला म्हणाली, डावं-उजवं आता संपलं, ज्याला येईल त्यानेच हात वर करायचा. मग तिने विचारलं, विहिरीला पाणी कुठून येतं?

भराभर उजवे हात वर गेले. तिसऱ्या रांगेत एक डावा वर आला. तळव्यावरचा ठिपका आज सकाळीच नव्याने काढलेला होता.

"संस्कृती, अगं, पाठ झाला ना आपला. तू सांग."

संस्कृती उभी राहिली. या वेळी तिने रोहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"येत न्हाई, बाई."

रोहिणी थांबली. घड्याळात अजून तीस मिनिटं होती.