उंटाच्या डब्यातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मस्कतच्या दुकानात मी खजुरांनी गच्च भरलेला होतो. झाकणावर सोनेरी उंटांची रांग होती, आता एकच उरलाय, तोही बिनपायाचा. अजून डोळा लागला की मला दूर वाळूत दिवे लुकलुकताना दिसतात. डब्याला डोळा कुठला, असं मात्र विचारू नका!

तिकडे कामाला असलेल्या नझीरभाईंनी मला पनवेलला आणलं. खजूर संपले तेव्हा त्यांच्या बायकोनं, अमिरुन्निसाभाभींनी, मला औषधांचा डबा केला. आखातातून येणारा प्रत्येक जण उरलेल्या गोळ्या माझ्यात टाकायचा. कुणाचं अंग मोडून आलं की भाभी कात्रीनं गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा कापून द्यायच्या. "तिकडची दवा आहे, लगेच गुण येतो." अख्खी आळी दुवा द्यायची. मी काय फुशारायचो म्हणून सांगू!

एकदा शेजारच्या शांतीचा घसा धरला. ती बाजारात मासळी विकायची, आवाज गेला तर धंदाच बसला. भाभींनी दोन गोळ्या कापून दिल्या. दुसऱ्या दिवशी ती तापानं फणफणली. मान, काखा लालबुंद झाल्या आणि त्यांवर मोहरीएवढे पिवळट फोड उठले.

"या अल्लाह, पू झालाय! अजून दोन घे," म्हणत भाभींनी माझं झाकण उघडलं.

"गोली नको, भाभी. अंग नुस्तं जलतंय. दवाखान्यात ने मला."

तिथले कमळाकर डॉक्टर म्हणाले, "हा जंतूंचा पू नाही. क्वचित एखाद्याला औषधच असं अंगावर उठतं. आणखी गोळ्या दिल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं. नाव काय औषधाचं?"

भाभींना ते ठाऊक नव्हतं. नाव कापलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला होतं, माझ्या पोटात! त्या धावत घरी आल्या, मला उराशी धरून घेऊन गेल्या आणि त्यांनी मला डॉक्टरांच्या टेबलावर उपडं केलं. शांतीच्या पदराच्या गाठीत रिकामा तुकडा होता. तो एका पट्टीला नेमका जुळला आणि नाव कळलं. हे औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं.

फोड सुकले, सालपटं निघून नवी कातडी आली. पण भाभी शरमेनं शांतीच्या दारात जाईनात. मी माळ्यावर पडलो, स्वप्नात वाळू तुडवत.

एक दिवस शांतीच आली. "बोलनार नाय का, भाभी? तुजा त्यो उंटाचा डबा दे मला."

"त्या मनहूस डब्याचं काय करणार?"

"सुकट ठेवीन. तुज्या घरचं कायतरी माज्या घरात पायजे."

भाभी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या.

आता मला वाळूची नाही, खाडीची स्वप्नं पडतात. मित्रांनो, कितीही माया असली, तरी दुसऱ्याची उरलेली गोळी कुणाला देऊ नका. शेजाऱ्याला द्यावंसं वाटलंच, तर वाटीभर कालवण द्या. भाभी हल्ली तेच देतात. आणि वाटी रिकामी परत जाऊ नये, म्हणून शांती माझं झाकण उघडते.