अकरावा दगड

"छिन्नी ठेव खाली, शिगेजी," सेत्सुमावशी म्हणाल्या आणि सरळ दगडावरच बसल्या.

ऐंशीच्या बाईला उठवणार कोण? मी छिन्नी ठेवली आणि चहा ओतला.

त्सुनामीच्या लाटेने नेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी गावाने टेकडीवर झाडं लावली होती. झाडांमधल्या वाटेवर एकवीस दगड बसवायचे, असं ठरलं. प्रत्येक घराने एकेक ओळ द्यायची, ती मागच्या ओळीचा हात धरून पुढे जाणारी, आणि ओळीखाली त्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव. कल्पना माझीच. समितीला एकच उंच, चकचकीत खांब हवा होता. मी भांडून दगड गुडघ्याएवढे ठेवले. वाचायचं तर माणसाने वाकावं. वीस दगड कोरून झाले होते. राहिला होता अकरावा, मावशींचा. तो नसता तर कविता मधेच तुटली असती.

ओळ त्यांनी केव्हाच दिली होती: 'जेवण झाकून ठेवलंय, सावकाश या.' अडलं होतं नावापाशी. त्यांचे यजमान कानपेईकाका लाटेच्या दिवशी होडी बघून येतो म्हणून बंदरावर गेले, ते अजून सापडलेले नाहीत.

"नाव कोरलंस की ते मेले," मावशी म्हणाल्या. "मी नाही त्यांना मारायची."

मी पुष्कळ समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनीच विचारलं, "तुझ्या बायकोच्या थडग्यावर तुझंही नाव आहे ना? कुठल्या रंगात?"

"लाल."

नवराबायकोची नावं आम्ही एकदमच कोरतो. मागे उरलेल्याच्या नावात लाल रंग भरायचा आणि तोही गेला की खरवडून काढायचा. जन्मभर मी हेच करत आलो आहे.

"मग त्यांच्यातही लालच भर."

मी भरला. समितीचे लोक हबकले. गेलेल्याच्या नावात लाल, हे तर शिकाऊ माणूसही करणार नाही. मी सांगितलं, हात चुकला, आता दगड बदलायला वेळ नाही. म्हातारा शिगेजी इवाबुची चळला, असं गावभर झालं. होऊ दिलं. नावाशेजारी मी रिकामी जागा का सोडली, ते मात्र कुणी विचारलं नाही.

पुढे दर वसंतात मावशी यायच्या आणि विटलेला रंग माझ्याकडून पुन्हा भरून घ्यायच्या. असे पाच वसंत गेले. यंदा त्या काठी टेकत आल्या, दगडापाशी वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"आता काढ रंग," त्या म्हणाल्या. "थकले असतील ते. आणि शेजारी माझं नाव घाल."

काकांच्या नावातला रंग त्यांनी स्वतःच खरवडला, एकेक रेघ करत. सकाळ त्यातच गेली. मग मी त्यांचं नाव कोरलं आणि लाल रंगात कुंचला बुडवला. मला रडू येत होतं; बाहीने डोळे पुसत मी दगडाशी वाकलो.

"नीट भर रे," मावशी म्हणाल्या. "पुन्हा चुकलास तर गाव काय म्हणेल?"