तापीतला पट्टकृमी

शेत नवऱ्याच्या नावावर, घर मुलाच्या, हेमराजच्या नावावर. अनुसयाबाईचं नाव कशावरच नव्हतं. म्हणून कृमींवर संशोधन करणाऱ्या लेकीनं, कामिनीनं, माशाच्या आतड्यात सापडलेल्या नव्या पट्टकृमीला तिचं नाव द्यायचं ठरवलं. किड्याला नाव म्हणजे शिवी वाटावी, पण बाई हरखली. सारंगखेड्याच्या गुजर आळीत मासळीचा वासही चालत नसे, तरी तिनंच लेकीला गोठ्यात सूक्ष्मदर्शक मांडू दिला होता. आता अंथरुणावरून ती येईल त्या बाईला सांगे, "मी मरसू, पन तापीमा मन्हं नाव ऱ्हाई."

पण त्या कृमीचं डोकं आतड्यातच तुटून राहिलं होतं, आणि डोक्यावाचून जात ठरत नाही. कामिनीनं मासे धरणाऱ्या खात्या भोयाकडून पुन्हा शिंगाळे मासे मागवले. आठवडाभर गोठ्यात आतडी चिरली, तेव्हा कुठे एक अख्खा कृमी हाती आला. या वेळी तिनं त्याला पाण्यात निवांत सैल होऊ दिलं, मगच औषधात टाकलं.

तिनं काचेखाली पाहिलं. अवयव अगदी पुस्तकातल्या एका जुन्या, माहीत असलेल्या जातीच्या चित्रातल्यासारखे, जागच्या जागी. मागच्या वेळी आईला धाप लागली म्हणून तिनं जिवंत कृमी तसाच फॉर्मालिनमध्ये टाकला होता. तो आखडला, अवयव एकमेकांवर चढले, आणि तेच तिला नवेपण वाटलं. या कृमीचं डोकं तेवढं घेऊन, आखडलेला पहिलाच नमुना नवी जात म्हणून छापता आला असता. तो मोह तिला झाला, आणि स्वतःची किळसही आली.

नेहमीसारखी अंघोळ करून ती आईपाशी बसली.

"आई, तो नव्वा नई. जुनाच निंघना."

"मंग त्याले कोन्हं नाव शे?"

"एक साहेबनं. कव्हयच मरी गया तो."

"दख, मरीसन बी ऱ्हायना," म्हणत अनुसयाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "बायास्ले सांगू नको."

आईच्या दहाव्याला सगळे तापीवर गेले. शेजारच्या रुक्मिणीबाईनं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि कामिनीच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको, बेटा. तुन्ही मायनं नाव आठेच शे ना, या पानीमा."

कामिनीनं मान हलवली. पाण्याकडे मात्र तिला बघवेना.