गावचं उष्टं

त्या साली पावसानं सलग तिसऱ्यांदा पाठ फिरवली, आणि गुरुबसप्पाला मात्र बसायला फुरसत उरली नाही. उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली होती. जिल्हा झाला की आपलं बोरतळ पार जिल्ह्याच्या वेशीवर येणार, या हिशेबानं तो मागणी समितीचा अध्यक्ष झाला. समितीत दुसरं कुणी नसल्यामुळे निवड बिनविरोध झाली.

अध्यक्षांचं किराणा दुकान होतं. दुष्काळात भांडी घासणं म्हणजे पाण्याचा खून, असा शोध त्यांनी लावला. आणि योगायोग बघा, थर्माकोलच्या पत्रावळ्या नि प्लास्टिकचे पेले गावात त्यांच्याच दुकानात मिळत. महिन्याभरात घरोघरची ताटं फळीवर चढली. खा आणि फेका, पाणी वाचवा. बोरतळ जिल्ह्याला शोभेल असं सुधारलं.

सुधारली नाही ती एकटी रत्नम्मा, अध्यक्षांची बायको. लिंगायताच्या घरातली तिची जुनी रीत. जेवण झालं की ताटात ओंजळभर पाणी घालायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं, कारण अन्न हा प्रसाद, त्याचा कण वाया जाऊ द्यायचा नाही. मग राखेचा हात फिरवला, फडक्यानं पुसलं, की ताट लख्ख.

"आगं, उद्या कलेक्टर घरी जेवायला आला तर त्याच्याम्होरं ताट धुऊन पिणार का?" गुरुबसप्पा कावला.

"कलेक्टर येईल तवा बघू. आदी टँकर येऊ द्या," ती म्हणाली.

आता फेकलेलं जायचं कुठं, हा विचार अध्यक्षांनी केला नव्हता. थोर माणसं असल्या बारीक गोष्टींत पडत नाहीत. पत्रावळ्या उकिरड्यावरून उडाल्या, बाभळींना लटकल्या. सटवाजीच्या गाईनं दोन-चार पोटात घातल्या आणि ती आठवडाभर फुगून पडली. सटवाजी काठी घेऊन दुकानात आला, तेव्हा कुठं अध्यक्षांना तोड सुचली. गावची विहीर कोरडी ठणठणीत पडलीच होती. "टाका तिच्यात! कोन बघतंय?"

गावानं टाकलं. जिल्ह्याच्या मागणीसाठी परिषद भरली, तीनशे पानं उठली, तीही तिच्यातच गेली. विहीर अर्ध्याच्या वर आली.

आणि एका सोमवारी तहसिलातून कागद आला. बोरतळला टँकर मंजूर, दर गुरुवारी एक खेप. टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो आणि बाया तिथून शेंदून नेतात, हा सगळीकडचा शिरस्ता. अर्ज गुरुबसप्पानंच लिहिला होता, आणि त्यात 'विहीर सुस्थितीत आहे' असं झोकात ठोकून दिलं होतं. कागद वाचला तसा तो विहिरीकडं धावला. विहीर नसेल तर ती खेप दुसऱ्या गावाला जाणार होती.

"उतरा खाली अन् काढा समदं. म्या दोर धरते," रत्नम्मा म्हणाली.

"अध्यक्षानं हिरीत उतरायचं? येडी का काय! एक काडी लावली की काम फत्ते."

काडी लागली. दोन दिवस विहिरीतून काळा धूर निघत होता. म्हातारी माणसं खोकून बेजार झाली, पोरांचे डोळे सुजले. बुधवारी संध्याकाळी गुरुबसप्पानं वाकून पाहिलं. पत्रावळ्या नव्हत्या, दगडांवरून वितळून ओघळलेला काळा लगदा तेवढा तळाला चिकटला होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी टँकर आला. ड्रायव्हर पंढरीनं आत डोकावून नाक दाबलं. "मालक, ह्ये काळं काय हाय?"

"राख हाय, राख. राखेनं पाणी निर्मळ होतं. वत तू."

पाणी मिळाल्याची सही गुरुबसप्पानं ऐटीत केली, नावापुढं अध्यक्ष लिहून. टँकर रिकामा करून पंढरी निघून गेला. पहिला पोहरा सरजाबाईनं ओढला. पाण्यावर काळी चिंधकं तरंगत होती, तेलकट तवंग होता आणि वास असा, की तिच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. तिनं तो पोहरा गुरुबसप्पाच्या पायांवर ओतला.

रत्नम्मानं दोन घागरी उचलल्या आणि शेजारच्या गावाची वाट धरली, तीन मैलांची. मागोमाग साऱ्या बाया निघाल्या. गुरुबसप्पा थोडा वेळ विहिरीच्या काठावर उभा राहिला, मग पळत जाऊन त्यानं बायकोच्या हातातली एक घागर घेतली. तिनं दिली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. भर उन्हात आपल्या पाठीमागून चाललेल्या बायांची त्याला लाज वाटत होती. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

शेजारगावच्या विहिरीवर एक म्हातारी पाणी शेंदत होती. ती म्हणाली, "बोरतळच्या का गं तुमी? आज तर तुमचा टँकर व्हता म्हनं. आला न्हाई का?"

"आला की, माय," रत्नम्मा म्हणाली. "पर आमच्या मालकानं त्यात समद्या गावाचं उष्टं कालवलं."

म्हातारीनं एकदा गुरुबसप्पाकडं पाहिलं आणि पोहरा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं मान खाली घातली आणि शेंदायला सुरुवात केली. आधी सरजाबाईची घागर भरली, मग दुसरीची, मग तिसरीची. हाताची सालटी निघाली तरी त्याला कुणी थांब म्हटलं नाही.