वरची खाच

दोरा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

आम्हा दोन भावांची दोन गॅरेजं. माझं घाटाच्या पायथ्याशी, धाकट्याचं वर, घाट संपतो तिथे. मोटारसायकल वर गेली की हवा विरळ होते आणि गाडी धापा टाकायला लागते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, मग धूर येतो, प्लग काळा पडतो. उपाय सोपा आहे. कार्बोरेटरच्या आत एक बारीक सुई असते, तिच्या डोक्याशी पाच खाचा, आणि त्यातल्या एका खाचेत चिमुकली क्लिप. क्लिप एक खाच वर सरकवली की सुई तेवढी खाली बसते, पेट्रोलची वाट अरुंद होते आणि गाडी पुन्हा सुरळीत चालते. मात्र खाली उतरल्यावर क्लिप आठवणीने मूळ खाचेत आणावी लागते. नाही आणली तर खालच्या दाट हवेला पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल कमी म्हणजे इंजिन थंड राहणार, असं भल्याभल्यांना वाटतं. होतं उलटंच. इंजिन भडकून तापतं, पिस्टन फुगतो आणि भर वेगात जाम होतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं.

म्हणून आमच्यात दोऱ्याची पद्धत होती. वर सुई उतरवली की धाकटा ब्रेकच्या दांडीला लाल दोरा बांधायचा. खाली मी दोरा बघितला की गाडी थांबवायचो, सुई चढवायचो आणि दोरा सोडून टाकायचो. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. माझ्या हाताखाली शिकून त्याने वेगळं गॅरेज काढलं, ते मला झोंबलं होतं, आणि तेव्हा मी त्याच्या बायकोसमोर त्याला नको ते बोललो होतो. पण दोरा कधी चुकला नाही. त्याचाही नाही आणि माझाही नाही.

दर मंगळवारी एक जण लशींची पेटी घेऊन वर जायचा आणि दुपारी परत यायचा. पेटीमुळे सगळे त्याला थर्मास म्हणायचे, तोही हाक मारली की ओ द्यायचा. गप्पिष्ट माणूस. लहान मुलं त्याला बघून रडायची आणि त्यालाच त्याचं वाईट वाटायचं. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, पण जिवापाड जपलेली.

त्या मंगळवारी मी सकाळपासून एका इंजिनाशी झटत होतो. चष्मा लावूनही बारीक स्क्रू दिसत नव्हता आणि आपण म्हातारे झालो हे मान्य करायची तयारी नव्हती. तेवढ्यात थर्मास आला. दांडीला दोरा होता. गाडीवरून उतरता उतरता तो हसत म्हणाला, "तुमचा भाऊ म्हणत होता, दादाला नीट बघायला सांग. आता त्याची नजर पहिल्यासारखी राहिली नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काळजीने बोलला असेल, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, माझ्या गिऱ्हाइकांसमोर हा माझी अब्रू काढतोय. मी दोऱ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "काही करायची गरज नाही. जा तू." त्याने दोऱ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "मला शिकवतोस? जा म्हटलं ना."

त्याच्या गावापर्यंत बाराच किलोमीटर, असा हिशेब मी मनात केला होता. गाडी ओढ धरणार नाही, हा वैतागून परत येईल आणि मग मी त्याच्यासमोर सुई नीट बसवून म्हणेन, काय रे, कुणाची नजर गेली? एवढंच हवं होतं मला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी ते केलं.

नवव्या किलोमीटरला, सरळ रस्त्यावर, गाडी जाम झाली. मागून ट्रक येत होता.

गाडी उचलून आणायला चौकीवरून मलाच बोलावलं, कारण जवळपास दुसरा मेकॅनिक नाही. लशींची पेटी रस्त्याकडेला शाबूत पडली होती. थर्मास जागीच गेला होता, त्याला तोवर नेलं होतं. हँडल वाकलं होतं, पण दोरा दांडीवर तसाच होता. हवालदार ट्रकवाल्याशी बोलत होता. मी गाठ सोडली आणि दोरा खिशात घातला. ते इतक्या सहज जमलं, याची मला आजही शिसारी येते. घरी येऊन तो शेगडीत टाकला. दुसऱ्या दिवशी हवालदारासमोर इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, प्लग पांढराफटक, क्लिप वरच्या खाचेत. त्याने विचारलं, तुम्ही सुई का नाही चढवली? मी म्हणालो, दोरा नव्हता. त्याने लिहून घेतलं आणि मी सही केली.

तीन महिन्यांनी भावजय एकटीच माझ्या दारात आली. मी तिला काय काय बोललो होतो ते विसरून आली, किंवा न विसरताही आली. धाकट्याने गॅरेज बंद केलं होतं. तो जेवत नव्हता, दिवसभर नुसती बोटं हलवत बसायचा. तिला म्हणायचा, गाठ मारल्याचं मला स्पष्ट आठवतं. पण दादा नाही म्हणतोय, म्हणजे माझंच डोकं फिरलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या तो मुकाट्याने घेत होता. "तुम्ही एकदा येऊन बोला," ती म्हणाली. "तुमचं तो ऐकेल."

मी दुसऱ्याच दिवशी वर गेलो. धाकटा खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. मला बघून उठायला लागला, मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. नजरेचं बोलणं, माझी तिडीक, गाठ कशी सोडली, शेगडी. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर मला रडू आलं.

त्याने माझा हात धरला. सात वर्षांनी.

"दादा, शाळेची काच मी फोडली होती," तो म्हणाला. "तेव्हाही तू असाच उभा राहून म्हणाला होतास, मी फोडली. मार खाल्लास."

मी म्हणालो, काचेची गोष्ट वेगळी, हे मात्र खरंच घडलंय. आईची शपथ घातली. तो मान हलवत ऐकत राहिला, आजाऱ्याचं ऐकावं तसं, आणि आजारी तर तो होता. मग म्हणाला, "तू दोरा बघूनही गाडी सोडशील? तू? मी तुझ्या हाताखाली दहा वर्षं होतो रे. मी काल थर्मासच्या बायकोकडे जाऊन कबूल करून आलो. चूक माझीच. तू एवढं माझ्यासाठी बोललास ना, बास झालं मला."

मग त्याने बायकोला हाक मारून जेवायला वाढायला सांगितलं. ती धावतच ताटं घेऊन आली. तो दोन पोळ्या जेवला आणि ती पदराने डोळे पुसत माझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. मी समोर बसून घास गिळत होतो.

खाली उतरताना चौकीवर गेलो. हवालदाराने ऐकून घेतलं आणि कागद पुढे सरकवलाच नाही. म्हणाला, भावासाठी करताय, समजतं हो, पण तुमची सही आहे, भावाचाही जबाब आहे, प्रकरण मिटलंय. मी थर्मासच्या घरीही गेलो. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, तुमचा भाऊ येऊन गेला, आता तुम्ही त्याला वाचवायला येऊ नका.

धाकटा आता बरा आहे. वरचं गॅरेज त्याने विकून टाकलं. पान्याला हात लावत नाही, म्हणतो माझ्या हातावर माझाच भरवसा नाही. रोज सकाळी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसतो आणि नवं गिऱ्हाईक आलं की त्याला सगळी हकीकत सांगतो. चूक माझी होती, म्हणतो, आणि दादा चौकीवर जाऊन स्वतःच्या नावावर घ्यायला निघाला होता. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी सुरुवातीला मध्ये बोलायचो. आता त्याचं सांगून होईपर्यंत मी कार्बोरेटर उघडून ठेवतो.