कोकिळाबाईंची गूळतुला

नवस बोलण्याआधी माणसाने एकदा काट्यावर उभं राहून बघावं, एवढं साधं शहाणपण कोकिळाबाईंना सुचलं नाही. सून रोहिणीची पीएचडी अडली होती, तेव्हा त्या मारुतीसमोर बोलून बसल्या, "पोरनं व्हई जावू दे, मन्हा भारोभार गूळ वाटसू." पोरीचं झालं. आता तापीकाठच्या अख्ख्या गावासमोर तराजूत बसायचं होतं, तेही काडीसारख्या जाऊबाईंच्या, कमलबाईंच्या डोळ्यांदेखत. दोन वर्षांपूर्वी दहा-दहा किलोंच्या पाच ढेपांतच कमलबाईंची तुला आटोपली होती.

कोकिळाबाईंचं वजन घरात कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. लाजेने त्यांचा जीव अर्धा झाला होता. वजन मात्र पूर्ण होतं.

पण रोहिणीचा विषयच होता आवळ्याचा आंबवलेला अर्क आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांचा लठ्ठपणा! घरी खाण्यापुरती तिने एक मोठी बरणी घातली होती. झाकण सैल केलं की ती फुस्स करायची.

"उंदीर बारीक व्हयनात, मंग मी काब्र नै?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"उंदीरस्नं खरं शे, आई. मानूसनं आजून कोनलेच ठाऊक नै."

कोकिळाबाईंनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. तुलेला दीड महिना होता. सकाळ-संध्याकाळ चमचा सुरू झाला. अर्क आंबट, झणझणीत, जिभेला गुदगुल्या करणारा. नुसता कसा उतरायचा, म्हणून सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आली. भाकरी कोरडी, म्हणून तेल आलं. तेल एकटं, म्हणून ठेचा आला. चमच्याची वाटी झाली, एकीच्या चार भाकरी झाल्या. बरणी संपली तेव्हा ब्लाउजच्या शिवणी दोनदा उसवून झाल्या होत्या.

रोहिणीला कळलं तेव्हा ती हसून हसून जमिनीवरच बसली. "आई, आम्ही उंदीरस्ले भाकर नै देतस!"

तुलेच्या दिवशी कोकिळाबाई डोळे मिटून पारड्यात बसल्या. सहा ढेपा चढल्या. सात. आठ. पारडं ढिम्म. कानांच्या पाळ्या तापल्या, आता हसतील मेल्या, असं वाटलं.

इतक्यात शेजारची भुरीबाई ओरडली, "हालू नको माय! आजून येऊ दे! कमलबाईना येळले आम्हनी गल्लीले बोट चाटाले गूळ भेटना!"

अख्ख्या गल्लीने टाळ्या पिटल्या. बायका पदर पसरून मोजायला लागल्या, नऊ! धा! कोकिळाबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. कुणी हसत नव्हतं. सगळ्यांना त्या आणखी जड हव्या होत्या. छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्या स्वतःच खदखदा हसू लागल्या आणि पारडं गदगदा हललं. दहा ढेपांवर चार किलोंचा तुकडा पडला, तेव्हा कुठे ते जमिनीवरून उचललं.

"कितलं भरनं, बाई?" कमलबाईंनी हळूच विचारलं.

"एकशे चार!" कोकिळाबाई देवळाच्या कळसापर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या, आणि बाजूला उभ्या रोहिणीला मनगट धरून त्यांनी मांडीवर ओढलं. "नवस इन्हा नावना शे. आते आम्ही दोन्ही बसी ऱ्हायनूत. गूळ लयी या!"