वाटाड्याला मोजत नाहीत

पाणी : नाही

“अहो कप्तान, पुढची फांदी कुठाय?”

मागून दातांचे डॉक्टर रेम ओरडले. काठी टेकत पुढं चाललेला इंगव्हर पाउल्सन थांबला नाही. वाटाडा थांबला की माणसं घाबरतात, हे चाळीस वर्षांत त्याला पुरतं कळलं होतं.

“आहे तिथंच आहे. तिला काय, तुमच्यासारखी सुट्टी लागते होय?”

दोघंतिघं हसले. समुद्र ओहोटीला दूर गेला होता आणि त्याच्या उघड्या तळावरून बारा पाहुणे अनवाणी चालत होते. निघाले होते मुख्य भूमीच्या बांधावरून, जायचं होतं बेटावर. आतापर्यंत सगळं रीतसर झालं होतं. लांबच्या वाळूवर पहुडलेले सील दाखवून झाले, गाळातले किडे हातावर घेऊन किंचाळून झालं, खारट भाजीचे कोंब चावून तोंडं वाकडी करून झाली. आता उरली होती फक्त खाडी. ती एकाच ठिकाणी पायी ओलांडता येते. त्या जागेला इथली माणसं उतार म्हणतात. भरती लागायच्या आत उतार गाठायचा. वाट चुकू नये म्हणून दर वसंतात इंगव्हर स्वतः बर्चच्या फांद्या गाळात रोवायचा. तीनशे पावलांवर एक.

त्यानं आता चारशे दहा मोजली होती.

जानेवारीपासून त्याच्या नजरेच्या मधोमध एक डाग होता. जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसायचा. कडेकडेनं दिसायचं. इंगव्हर कडेकडेनं बघायला शिकला, आणि गप्प राहिला.

पाणी : घोटा

धुकं आलं ते पश्चिमेकडून, न विचारता.

“मामा!” सगळ्यांच्या शेवटी चालणारी गोंट्ये म्हणाली. ती त्याच्या बहिणीची मुलगी. तिच्याकडे वाटाड्याचा परवाना होता, होकायंत्र होतं, आणि शेपटाला चालण्याची तीन वर्षं. “मामा, मोजून घेऊ या का?”

ही इथली रीत. धुकं पडलं की, खाडी लागली की, किनारा आला की माणसं मोजायची. नजरेनं नाही, खांद्यावर हात ठेवून. शेपटाला चालणारीही मोजली जाते. वाटाड्याला तेवढं मोजत नाहीत. तो हरवला तर मोजायला उरणार कोण?

इंगव्हर रांगेतून मागं गेला. ओले खांदे, थरथरणारे खांदे. निवृत्त शिक्षिका आल्मूटबाईंचा हाडकुळा खांदा. “बारा,” आणि गोंट्येचा, “तेरा.”

तेव्हा त्याला पायाखालचं जाणवलं.

उताराच्या आधी शिंपल्यांचा थर लागतो, टोचणारा, कुरकुरणारा. इथं होता मऊ गाळ, विरजलेल्या दह्यासारखा. त्यानं टाच दाबली. पाय पोटरीपर्यंत आत गेला.

मागची फांदी. काळी, वाकडी, डागाच्या कडेला उभी. तिच्याकडे पाहून तो डावीकडे वळला होता. ती त्यानं रोवलेली नव्हती. कुठल्यातरी वादळानं आणून रुतवलेलं ते लाकूड होतं.

पाणी : पोटरी

“पाणी वाढतंय का हो?” आल्मूटबाईंनी हळूच विचारलं.

“परत फिरा!” डॉक्टर रेम म्हणाले. “मी सांगतो, आल्या वाटेनं परत फिरू.”

“आल्या वाटेला दोन तास लागतील,” गोंट्ये म्हणाली. “पाणी तासाभरात छातीला येईल. मामा, दिशा बरोबर आहे. काटा बघ.”

तिनं होकायंत्र त्याच्यापुढं धरलं. त्याला दिसला एक राखाडी ठिपका आणि तिचा अंगठा.

होकायंत्र दिशा सांगतं. आपण कुठं उभे आहोत, ते नाही. त्या काट्यामागं ती सरळ गेली, तर खाडी लागेल, पण उताराच्या खालच्या अंगाला, जिथं दोन पुरुष पाणी असतं. हे फक्त त्याला ठाऊक होतं. आणि ते सांगायचं, तर का चुकलो तेही सांगावं लागणार होतं.

बारा जण त्याच्याकडे बघत होते. त्याला त्यांचे चेहरे दिसत नव्हते.

“मी चुकवलंय तुम्हाला,” इंगव्हर म्हणाला. “मला नीट दिसत नाही. जानेवारीपासून. वाहून आलेलं लाकूड मी फांदी समजलो.”

डॉक्टर रेम उसळले. “आंधळा? आंधळ्याच्या मागं आम्ही समुद्रात…”

“ओरडायचंय तर बेटावर जाऊन ओरडा,” आल्मूटबाई म्हणाल्या. “आता काय करायचं तेवढं बोला हो, पाउल्सन.”

गोंट्येचा आवाज बारीक झाला. “परवा कुंपणाच्या खांबाला मोईन म्हणून रामराम घातलास. मला वाटलं, चेष्टा करतोयस.”

“मला वाटलं, शेजारचा ब्रोडर उभा आहे,” तो म्हणाला. “जाडीनं सारखेच आहेत.”

ती हसली की रडली, धुक्यात कळलं नाही.

पाणी : गुडघा

“दोर काढ. सगळ्यांनी धरा. बोलायचं नाही.”

त्यानं डोळे मिटले. उघडे ठेवून उपयोग नव्हताच. धुक्यात आता कुणालाच काही दिसत नव्हतं. पाणी पोटऱ्यांच्या मागून ढकलत होतं, हलकं, पण एकाच बाजूनं. भरतीचं पाणी खोल जागेकडून उथळाकडे जातं. उतार उथळ आहे.

“पाण्याच्या मागोमाग चालायचं,” तो म्हणाला.

“बुडवणाऱ्याच्याच मागं?” कुणीतरी पुटपुटलं.

“तेच नेईल.”

पन्नास पावलं गाळ. शंभर पावलं गाळ. पाणी गुडघ्यावर आलं. रांगेत कुणीतरी रडू लागलं, आणि आल्मूटबाई त्या माणसाला वर्गात दटावावं तसं दटावू लागल्या. दीडशे. गाळ घट्ट झाला. एकशे ऐंशीला इंगव्हरच्या टाचेत काहीतरी रुतलं.

शिंपला.

त्यानं तो दुखू दिला. पुढं आणखी एक. मग कुरकुरता सबंध थर.

“आता उजवीकडे. सरळ. पळायचं नाही.”

पाणी : कंबर

गोंट्येला त्यानं पुढं घेतलं. स्वतः खाडीच्या मधोमध, ओढीच्या बाजूला उभा राहिला आणि एकेकाला हातावरून पलीकडे सरकवत गेला. डॉक्टर रेम त्याच्या दंडाला धरून गेले. नखं रुतली.

पाणी : नाही

बेटाच्या काठावर ओलं गवत होतं. धुक्यात कुठंतरी मेंढ्या खोकत होत्या. इंगव्हर सर्वांत शेवटी वर आला. त्याच्या पायातून रक्त येत होतं.

पाहुणे गवतावर दाटीनं उभे होते. कुणी मोजा म्हटलं नाही, पण कुणी हललंही नाही. इंगव्हरनं सवयीनं हात पुढं केला, आणि मग मागं घेतला.

गोंट्ये पुढं झाली. एकेका खांद्यावर हात ठेवत गेली, मोठ्यानं मोजत. डॉक्टर रेम, अकरा. आल्मूटबाई, बारा. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, “तेरा.”

ती थांबली.

इंगव्हर काठी टेकून बाजूला उभा होता, चाळीस वर्षं उभा राहायचा तसाच, रांगेच्या बाहेर. ती त्याच्यासमोर आली. त्याला दिसावी म्हणून जराशी कडेला उभी राहिली. ओला हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

“चौदा,” ती म्हणाली.

त्यानं काठी तिच्या हातात दिली आणि रांगेत जाऊन उभा राहिला, आल्मूटबाईंच्या मागं.